थंड नदीचा मोती

“...आणि तो मोती म्हणे चीनच्या बादशहाच्या टोपीतला! योएल अंकलच्या पणजोबांनी लढाईत लुटून...”

शेजारच्या सुप्रभाताई फोनवर इथवर आल्या आणि थबकल्या. स्वयंपाकघराच्या दारात टालिया उभी होती. योएल आजोबांची नात, लग्न तीन आठवड्यांवर आलेली.

तो मोती म्हणजे मी. तुरीच्या दाण्याएवढा, एका बाजूला चपटा. विलायतेतल्या एजवेअरच्या या घरातली प्रत्येक नवरी मेंदीच्या दिवशी मला गळ्यात घालते.

“आजोबा, मी चोरीचं मोती नाही घालणार. सॉरी.” टालियाने साखळी काढून टेबलावर ठेवली.

आजोबांचा चेहरा उतरला. दोन वर्षांपूर्वी जाण्याआधी आजीने स्वतःच्या हाताने मला टालियाच्या गळ्यात घातलं होतं.

“अगं, मी आपलं ऐकलेलं सांगत होते,” सुप्रभाताई म्हणाल्या.

“सुप्रभा, तू ऐकलंस म्हणजे अख्ख्या एजवेअरने ऐकलं,” आजोबा म्हणाले.

मला तोंड असतं तर तेव्हाच बोललो असतो. आता तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म चीनच्या उत्तरेकडच्या मांचुरियातल्या एका नदीचा. तिथे वर्षाचे सहा महिने डोक्यावर बर्फ असायचा आणि बर्फातून उजेड दुधासारखा खाली पाझरायचा. शिंपल्याच्या कुशीत मी कित्येक वर्षं नुसता गोल होत होतो. पाणी काहीतरी गुणगुणायचं. त्याचे शब्द मला कधीच कळले नाहीत, पण झोप छान लागायची.

तिथल्या नद्यांमधला मोती न् मोती बादशहाचा, असा कायदा होता. उन्हाळा आला की नावा यायच्या. नदीच्या तळात लांब बांबू रोवायचे आणि माणसं त्याला मिठी मारून खाली उतरायची. वर येऊन काठावरच्या जाळाशी कुडकुडत शिंपले फोडायची. शेकडो फोडावे तेव्हा एखादा मोती! रिकाम्या शिंपल्यांचे ढीग चांदण्यात लांबून गावासारखे दिसायचे. खालच्या अंगाचे शिंपले संपले की नावा आणखी वर जायच्या. शेवटी दरबारातून हुकूम आला, नदीला काही वर्षं विश्रांती द्या. तोवर विश्रांती घ्यायला तिच्यात फारसं कुणी उरलंच नव्हतं.

आणखी एक हुकूम होता. लहान मोती सापडला तर नदीत परत टाकायचा, म्हणजे तो वाढेल. शिंपल्याबाहेर पडलेला मोती कधी वाढतो होय?

मी लहान निघालो. शिंपला फोडून मला काढणाऱ्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं आणि मला गालात धरलं. त्या उबेत मी पहिल्यांदा माणूस ऐकला. त्याचं काळीज धडधडत होतं.

पुढे मी त्याच्या नातीकडे आलो. ती म्हातारी झाली, तेव्हा चीनवर परदेशी फौजा चालून आल्या. लुटालूट मी डोळ्यांनी पाहिली, खोटं कशाला बोलू! पण दानियल, म्हणजे आजोबांचे पणजोबा, त्यातल्या हिंदी फौजेच्या दवाखान्यात कामाला होते. त्यांनी बारा दिवस त्या म्हातारीच्या पायाची जखम धुतली. तेराव्या दिवशी तिने त्यांच्या तळहातावर मला ठेवलं आणि मूठ मिटून दिली.

हे सांगायला आता मी एकटाच उरलोय.

टालियाने मला उतरवल्यावर, मी कुठला ते तपासून घ्यायला आजोबा आणि सुप्रभाताई मला घेऊन ट्रेनने बर्मिंगहॅमला गेले. “आग मीच लावली, मग विझवायला नको यायला?” असं म्हणत ताईंनी डब्यात थालीपीठही घेतलं होतं. तिथल्या मोत्यांच्या तज्ज्ञ बाईंनी मला यंत्राखाली ठेवलं. सुप्रभाताईंनी इतकी मान पुढे घातली, की बाईंना म्हणावं लागलं, “जरा मागे सरता का?”

संध्याकाळी आजोबांनी टालियाला चष्मा सांभाळत रिपोर्ट वाचून दाखवला. गोड्या पाण्यातला, जुना, बहुधा ईशान्य चीनकडचा. दरबारी दागिन्यात बसवण्याजोगा नाही. कुणाकडून कसा आला, ते सांगता येत नाही.

“म्हणजे चोरलं की नाही, माहीतच नाही?” टालियाने विचारलं.

“नाही बाळा. मला खोटं सांगता आलं असतं. पण तुझ्या आजीला चाललं नसतं.”

“बाई म्हणत होत्या, एका मोत्यापायी शेकडो शिंपले मारत,” सुप्रभाताई हळूच म्हणाल्या. “स्कॉटलंडच्या नद्यांमध्येही तेच झालं म्हणे. आता तिथे शिंपल्याला हात लावला तरी गुन्हा.”

टालियाने मला उचलून तळहातावर घेतलं.

“मी घालते, आजोबा. पण राजाची स्टोरी नाही सांगायची. कोणी विचारलं तर सांगायचं, एका नदीतून आलं. खूप शिंपले गेले.”

“लग्नघरात असं कुणी सांगतं का गं!” सुप्रभाताई म्हणाल्या.

“मी सांगणार.”

आजोबांनी साखळीचा फासा लावला.

आज मेंदी आहे. मी टालियाच्या गळ्याच्या खळगीत आहे. तिची नाडी खालून हलकेच लागते आणि मला पेंग येते. तुमच्या घरी असा कुणी मोती असेल, तर त्याला एकदा त्याच्या पाण्याबद्दल विचारा.

सुप्रभाताईंची बातमी अगदीच खोटी नव्हती. चोरीचा मी आहेच. फक्त बादशहाकडून नव्हे, नदीकडून चोरलेला. आणि ती मला मागायला कधीच आली नाही.