रस्त्यात भेटलाच तर

विनफ्रीडने आपली घरगाडी नदीकाठच्या मोकळ्या पट्टीवर घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागे न बघताच विचारलं, "कॉफी टाकू का गं?"

त्याने किटली शेगडीवर ठेवली, दोन कप काढले, मगच झोपायच्या जागेचा पडदा बाजूला सारला. पलंग रिकामा होता.

आधी त्याने न्हाणीघराचं दार उघडलं. एक माणूस आत उभा राहिला की दार लागायची मारामार, एवढंसं ते न्हाणीघर. मग कपड्यांचं कपाट उघडलं. त्याची बायको रोजविता काही मांजर नव्हती कपाटात बसायला, पण धाबं दणाणलं की माणूस कुठेही शोधतो. तिचा कोट खुंटीवर नव्हता. बूट नव्हते. किटली शिट्टी वाजवू लागली तेव्हा कुठे त्याला शेगडी बंद करायचं सुचलं.

सकाळी निघण्याआधी तो सांडपाण्याची टाकी रिकामी करायला मुक्कामाच्या तळाच्या कोपऱ्यातल्या मोरीपाशी गेला होता. परत आला तर पडदा ओढलेला. झोपलीय, झोपू दे, म्हणून त्याने आवाज न करता दार लावलं आणि गाडी काढली. अशा घरगाड्यांतून फिरणाऱ्या लोकांत बायको मागे राहिल्याचे किस्से काही कमी नाहीत. संध्याकाळी गाड्यांबाहेर खुर्च्या टाकून वाइन पिताना कुणीतरी हमखास पेट्रोलपंपावर विसरलेल्या बायकोची गोष्ट काढतं आणि सगळे खो खो हसतात. विनफ्रीडही आजवर पुष्कळ हसला होता.

त्या बायकांना निदान आपण कुठे आहोत आणि कुणाच्या आहोत हे ठाऊक असायचं. रोजविताला आताशा ते रोज ठाऊक असेलच असं नव्हतं.

आणि त्याहून वाईट गोष्ट ही की सबंध वाटभर तो मजेत होता. मोझेल नदीच्या वळणांमागून वळणं येत होती, उतारावर द्राक्षांची तोडणी चालली होती आणि मागून कुणी "आपण कुठे चाललोय?" असं एकदाही विचारलं नव्हतं. हा प्रश्न एरवी कोखेम गावापासून त्सेलपर्यंत किती वेळा यायचा, याची गणती त्याने केव्हाच सोडली होती. आज तो शीळ घालत आला होता. ती आठवून त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

पोलिसांना फोन करणं हा शहाणपणाचा मार्ग होता. विनफ्रीडने फोन हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. पोलीस पहिली गोष्ट करणार ती म्हणजे डोरिटला कळवणं. त्यांच्या या एकुलत्या एका मुलीने निघताना दारातच सांगितलं होतं, पपा, ही शेवटची सहल; काही कमीजास्त झालं तर हागेनच्या त्या वृद्धाश्रमात आईसाठी धरून ठेवलेली खोली आपण घेणार, आणि मग मी तुमचं काही ऐकणार नाही. विनफ्रीडने शब्द दिला होता की काही होणार नाही. वर "तिला मी सांभाळतो, तू तुझं बघ" असंही ऐकवलं होतं.

नदी आणि मळे यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या रस्त्यावर एवढी मोठी गाडी वळवणं म्हणजे दिव्यच. मागच्या मोटारी हॉर्न मारत राहिल्या. गाडी कशीबशी वळली, तर पुढे द्राक्षांनी भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, आणि तो बैलगाडीच्या चालीने चाललेला. समोरून येणाऱ्या घरगाड्यांतले लोक रिवाजाप्रमाणे हात हलवत होते. विनफ्रीडचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटून बसले होते. त्याला एकसारखा नदीचा पृष्ठभाग दिसत होता. हिरवा, संथ, रस्त्याला इतका लागून, की काठावरच्या गवतात पाय घसरला तर मध्ये अडवायला काही नाही.

त्यातच डोरिटचा फोन आला. उचलला नाही तर ती पुन्हा करणार, म्हणून त्याने उचलला.

"कसं चाललंय, पपा? आई काय करतेय?"

"झोपलीय."

"अजून?"

"रात्री जरा उशीर झाला. उठली की बोलायला लावतो."

"तुमचा आवाज असा काय येतोय?"

"गाडी चालवतोय गं. ट्रॅक्टर आहे पुढे," असं म्हणून त्याने फोन ठेवला. आयुष्यात त्याने मुलीला फारशा थापा मारल्या नव्हत्या. ही इतकी सहज तोंडातून आली की त्याला स्वतःचीच भीती वाटली.

रात्री मुक्काम केलेला तळ आता अर्धा रिकामा झाला होता. त्यांच्या जागेवर गवत दबून चाकांचे पट्टे उमटले होते. शेजारचा डच माणूस खुर्च्या घडी करून गाडीत भरत होता. तळावर सगळे एकमेकांना तूच म्हणतात, तसा तोही ओरडला, "काय रे, बायको विसरलास की काय? नशीबवान आहेस. मला विसरायची म्हटली तरी जमत नाही." मग त्याने विनफ्रीडचा चेहरा पाहिला आणि हातातली खुर्ची खाली ठेवली.

त्याच्या बायकोने रोजविताला पाहिलं होतं. सकाळीच, कोट घालून, पर्स हातात घेऊन निघालेली. हिने हात केला तर रोजवितानेही हसून हात केला. त्यामुळे पाव आणायला चालली असेल, असंच तिला वाटलं. कुठल्या बाजूला, ते मात्र तिला सांगता येईना. नदीच्या म्हणावं तर नदीच्या, गावाच्या म्हणावं तर गावाच्या. डच माणूस काही न विचारता काठाकडे निघाला आणि विनफ्रीडला म्हणाला, तू गावात बघ.

गावातल्या गल्ल्या एवढ्या अरुंद की गाडी आत नेण्याचा प्रश्नच नव्हता. विनफ्रीड धावला. या वयात धावणं म्हणजे अर्धं धावणं आणि अर्धं भिंत धरून उभं राहणं. बेकरीत विचारलं, चर्चमध्ये डोकावला, शाळेपाशी उभ्या असलेल्या टपालवाल्याला विचारलं. तोडणीचे दिवस, गाव सगळं मळ्यात. दोनदा त्याने फोन काढला आणि दोनदा खिशात घातला. दर खेपेला वाटे, आणखी एक गल्ली बघू. आपण बायकोला शोधतोय की आपली अब्रू वाचवतोय, हे त्याचं त्यालाच कळेना. आणि नेमकं कळेना म्हणूनच त्याला रडू फुटलं.

एका घराच्या कमानीवर द्राक्षवेलीच्या फांद्यांचं कडं टांगलं होतं. घरची वाइन खुली आहे, आत या, बसा, अशी ती खूण. आत फरसबंदी अंगण, लांब बाकं, आणि टोकाच्या बाकावर रोजविता. पर्स मांडीवर, पाठ ताठ, समोर नव्या, अजून फसफसणाऱ्या गढूळ वाइनचा पेला आणि कांदा घालून भाजलेल्या खारट केकची बशी.

तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिने मान वर केली, त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बसा ना. तुम्ही फारच दमलेले दिसता."

उभ्या संसारात तिने त्याला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. नावं ती विसरली होती, दिवस विसरली होती, स्वतःचं घर विसरली होती, पण 'तू' आजवर कधी सुटला नव्हता.

"रोझी, चल. गाडी खाली उभी आहे."

तिने पर्स छातीशी धरली. "माफ करा, पण मी अनोळखी माणसाच्या गाडीत बसत नाही."

घराची मालकीण एप्रनला हात पुसत दारात आली. तिने विनफ्रीडला बाजूला घेतलं, त्याने खिशातून काढलेला दोघांचा फोटो पाहिला आणि तिला सगळं समजलं. तिची स्वतःची सासूही अशीच सगळं विसरत गेली होती म्हणाली. पण ओढून नेऊ नका, बाई घाबरलीय. मी पोलिसांना फोन करते, ते येतात, नीट समजावून नेतात. विनफ्रीडने तिला हात जोडले नाहीत एवढंच. थोडा वेळ द्या, म्हणाला. ती आत जाऊन एक पेला आणि कांद्याच्या गरम केकचा तुकडा घेऊन आली, त्याच्यासमोर ठेवला आणि दारातच थांबली.

तो बसला. परक्या बाईशेजारी बसावं तसा, मध्ये अंतर ठेवून.

"तुम्ही इथे एकट्याच?" त्याने विचारलं. हे 'तुम्ही' उच्चारताना त्याची जीभ अडखळली.

"नवरा आहे ना. पुढे गेलाय तो, गाडी घेऊन."

"तुम्हाला सोडून?"

"सोडून कसला. मीच उतरले." तिने पेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "मुद्दाम उतरले. सांगितलं असतं तर गेला नसता."

का, ते विचारायची विनफ्रीडची छाती होईना.

"स्वभावाने चांगला आहे हो," ती म्हणाली. "पण आताशा फार थकतो. त्याला वाटतं मला दिसत नाही. मी काही विचारलं की आधी डोळे मिटतो आणि मग उत्तर देतो, अगदी गोड आवाजात. मी काय विचारलं ते मला आठवत नाही, पण ते डोळे मिटणं आठवतं." ती जराशी हसली. "पूर्वी गाडी चालवताना शीळ घालायचा. म्हटलं, जाऊ दे एकट्याला. थोडी शीळ घालू दे."

दारातली मालकीण अंगणाकडे पाठ करून उभी राहिली. विनफ्रीडने केकचा तुकडा मोडला आणि तसाच बशीत ठेवला.

"तुम्ही फार मन लावून ऐकता," रोजविता म्हणाली. तिने पेला उचलला. "आपलं दोघांचंही वय झालंय. ते तुम्ही-तुम्ही पुरे आता."

तू म्हणण्याचा मान इथे मागून मिळत नाही. तो बाईने द्यायचा, आणि पुरुषाने तोवर वाट बघायची. रोजविताने रीतीप्रमाणे आपला हात त्याच्या कोपरातून ओवून घेतला, दोघांनी तसेच हात अडकवून एकेक घोट घेतला आणि तिने त्याच्या गालाला ओझरते ओठ टेकले. ती लिंबाच्या साबणाचा वास येणारी तीच बाई होती. विनफ्रीडच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने वाइनवर ढकललं. फार फसफसतेय, म्हणाला.

"मी रोजविता."

"मी विनफ्रीड."

तिने ते नाव हलक्या आवाजात एकदा म्हणून पाहिलं. तिला काही सापडतंय का, म्हणून तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिने ते नाव बाजूला ठेवलं.

"विनफ्रीड, तू गाडीनेच चाललायस ना? मग माझं एक काम कर. रस्त्यात माझा नवरा भेटलाच, तर त्याला सांग, पुढे जा म्हणावं. परत फिरू नकोस म्हणावं."

"तो ऐकणार नाही."

"तू सांगून तर बघ."

विनफ्रीड उठला. मालकीण फोन हातात धरून उभी होती. त्याने नको म्हणून मान हलवली आणि स्वतःचा काढला. कमानीखाली, वेलीच्या कड्याच्या बरोबर खाली उभं राहून त्याने डोरिटला फोन लावला. आई सकाळपासून झोपलेली नव्हती हे आधी सांगितलं. मग उरलेलं सगळं सांगितलं, शिळेसकट. डोरिट ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी लगेच निघते, एवढंच म्हणाली, आणि मग थोडं थांबून तिने विचारलं, पपा, त्या खोलीचं काय करू?

"घे," विनफ्रीड म्हणाला. "पण माझ्यासाठीही विचार. दोघांना मिळते का बघ. नाहीतर हागेनमध्येच कुठेतरी, तिच्याकडे चालत जाता येईल अशी." काठावर शोधत असलेल्या डच माणसालाही ती सापडल्याचं कळवायला हवं होतं; गल्लीतून जाणाऱ्या टपालवाल्याला त्याने ते काम सांगितलं.

परत आला तेव्हा रोजविताने त्याच्या बशीतला केक संपवला होता आणि आपल्या बशीतला अर्धा त्याच्यासाठी काढून ठेवला होता. तिने वाट पाहणाऱ्या माणसासारखी मान वर केली.

"भेटला का रे?"

"भेटला."

"मग? काय म्हणाला?"

विनफ्रीड तिच्या शेजारी बसला. या वेळी मध्ये अंतर ठेवलं नाही.

"थोडा वेळ बसतो, म्हणाला."

"बरं झालं," रोजविता म्हणाली. "दमला असेल तो."