शेनचा चोथा

हातांचा इसब गेला तर शेन गनबावला काय मिळणार होतं? माहजोंगच्या टेबलावरची खिडकीजवळची जागा, हाताशी चहाची किटली आणि दुपारभर बायकोपासून सुटका. इसब राहिला तर हे सगळं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नी याला. सूचौच्या आमच्या गल्लीत एवढी मोठी इस्टेट दुसऱ्या कुणाची नव्हती.

माहजोंग म्हणजे चौघांनी पैसे लावून खेळायचा सोंगट्यांचा खेळ. आम्ही बाकीच्या तिघांनी शेनला स्पष्ट सांगितलं होतं, ''बोटांतून पाणी गळतंय तोवर सोंगट्यांना हात लावायचा नाही. नवव्या महिन्याच्या नवमीला हात बघू. कोरडे नसले तर जागा नीची.'' इसब दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टर यानबाई म्हणाल्या होत्या. पण त्यांना कुठे आमच्याबरोबर खेळायचं होतं!

यानबाईंनी त्याची जीभ बघितली, दोन्ही मनगटांच्या नाड्या बघितल्या आणि वीस दिवसांच्या पुड्या बांधून दिल्या. ''खेकडा, कोळंबी, दारू बंद. शेनकाका, मोसम खेकड्यांचा आहे हे मला माहीत आहे, म्हणून दोनदा सांगते. खेकडा बंद!''

शेननं पथ्य पाळलं. कडूजार काढा नाक दाबून प्यायला. ''लोक विचारतायत, कुणाच्या घरी जुने बूट उकळतायत म्हणून,'' त्याची बायको छ्याओयुन म्हणायची.

उकळून उरलेला चोथा आमच्याकडे रस्त्यावर टाकतात. जाणारा-येणारा तुडवतो आणि दुखणं त्याच्या पायाबरोबर निघून जातं. शेननं मात्र जाणारा-येणारा निवडून ठेवला होता. रोज पहाटे तो चोथा जिन्याच्या पायथ्याशी टाकायचा, कारण सगळ्यांत आधी नी फिरायला खाली उतरायचा.

दहा दिवस झाले, हात होते तसेच. अकराव्या दिवशी नीनं बुटाचा तळवा उलटा करून बघितला.

''शेन! तुझा रोग माझ्या बुटाला?''

''रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?''

दुपारपर्यंत नी दोन्ही हात कराकरा खाजवायला लागला. भांडत भांडतच दोघं दवाखान्यात पोचले. तमाशा फुकट होता, म्हणून मीही गेलो.

यानबाईंनी नीचे हात उलटसुलट करून पाहिले. ''नीकाका, तुमचे हात माझ्यापेक्षा मऊ आहेत. ही खाज नाही, राग आहे.'' मग शेनकडे वळून म्हणाल्या, ''चोथा किती वेळा उकळून टाकता?''

''एकदा. लवकर टाकला की दुखणं लवकर जातं ना?''

''अहो, दोनदा उकळून तो काढा प्यायचा! तिसऱ्यांदा उकळून, पाणी कोमट झालं की त्यात हात बुडवायचे. कागदावर लिहून दिलं होतं!''

''कागद छ्याओयुननं चुलीत घातला.''

यानबाई खुर्चीत टेकल्या. ''म्हणजे दहा दिवस मी रस्त्याला औषध देत होते.''

नीची खाज तिथेच थांबली, पण भरपाई हवीच होती. नवमीसाठी शेनचा जावई आठ खेकडे पाठवणार होता. ''तुला तर ते बंदच आहेत,'' नी म्हणाला. शेनला नाही म्हणता येईना.

नवमीच्या आदल्या संध्याकाळी नी शेनच्या स्वयंपाकघरात बसून खेकडे फोडत होता. समोर शेन परातीत हात बुडवून आवंढे गिळत होता. नऊ दिवस त्यानं एकही उकळी चुकवली नव्हती.

''वहिनी, आलं?'' नीनं विचारलं.

''संपलं,'' छ्याओयुन म्हणाली. टोपलीत मुठीएवढं आलं मला दिसत होतं. पण मी पाहुणा, मी कशाला बोलू? खेकडा आमच्याकडे प्रकृतीनं थंड, आल्याशिवाय खाल्ला की पोट बिघडवतो, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. दुसरा कुणी असता तर एकावर थांबला असता. नी आठही संपवून उठला.

नवमीला आम्ही शेनचे हात उजेडात धरून तपासले. दोन बोटांवर खपल्या होत्या, पण पाणी गळायचं थांबलं होतं. कोरडे म्हणजे कोरडे. हरकत घ्यायला नी खाली उतरलाच नाही. वरून नुसता संडासातल्या पाण्याचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा. शेन खिडकीजवळ बसला, किटली जवळ ओढली आणि महिनाभराचा उपाशी माणूस जेवतो तसा खेळला.

हिशेब असा: खेकडे जावयाचे गेले, पोट नीचं गेलं आणि वीस दिवसांच्या पुड्यांचे पैसे शेननं संध्याकाळपर्यंत आम्हा तिघांच्या खिशातून काढले. त्यात निम्मे माझे.