घाई नसलेली भीमाबाई

हात लावू नका, चटका बसेल! कॉम्प्युटरच्या डब्यात पंख्याखाली बसलेला प्रोसेसर बोलतोय मी. या यंत्राचा मेंदू म्हणा हवं तर.

माझे आजोबा पंख्याविना काम करायचे. वडिलांना छोटासा पंखा पुरायचा. पण माणसांना दर वर्षी जास्त वेग हवा, आणि वेग काय फुकट येतो? मी भरात आलो की घरातल्या तीन पंख्यांची वीज एकटा खातो. मला त्याचाच केवढा तोरा!

मिरजगावात हायवेलगत आरतीचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे व्हिडिओ झटपट व्हावेत म्हणून तिने मला आणलं. यंदा मे महिन्यात नातीचं लग्न लावून आठच दिवसांत गावातले श्रीमंतराव वारले. त्यांचं हलतंबोलतं चित्रण फक्त आरतीने त्या लग्नात केलेलं. कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसलेलं, त्यामुळे होतं ते सगळं याच डब्यात.

तेरावं झालं आणि त्यांच्या पत्नी भीमाबाई स्टुडिओत येऊन बसल्या. "मालकांना येकदा बघू दे, पोरी."

आरतीने चित्रण उघडलं. ते इतकं जड, की मी भयंकर तापलो, आणि जळू नये म्हणून बंद पडलो. तिने पुन्हा सुरू केलं, मी पुन्हा बंद. असंच चाललं तर सगळंच जाईल, या भीतीने तिने तिसऱ्यांदा बटण दाबलंच नाही. खरं सांगतो, मीही घाबरलो.

मग तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे मालनबाईंनी, डब्यावर गोधडीची खोळ घातली होती. हवेची सगळी भोकं बंद!

"आत्या, अहो हे काय?"

"हायवेची लई धूळ येती गं. लेकरावानी झाकलं, तर ते बी चुकलं व्हय!"

खोळ निघाली. पण दुकानात भट्टीसारखी धग होती. आरतीने सेटिंगमध्ये जाऊन माझी वीज निम्म्यावर आणली. माझा तर अपमानच झाला! ती भीमाबाईंना म्हणाली, "आजी, आता जरा हळू चालेल हं."

"चालू दे. मला कुटं जायचंय?"

मी हळूहळू चाललो. पंख्याचा आरडाओरडा थांबला. गंमत म्हणजे वेग थोडासाच घटला होता. एवढ्याशा वेगासाठी मी आजवर दुप्पट वीज ढोसत होतो तर!

पडद्यावर मांडव आला. फेटा बांधलेले श्रीमंतराव नातीवर अक्षता टाकत होते. मग कॅमेऱ्याकडे पाहून ते हसले.

"थांब पोरी. हितंच थांबव."

चित्र थांबलं. भीमाबाईंनी पडद्यावरच्या गालाला हात लावला आणि कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.

माणसांनो, मला पळवायचं तेव्हा जरूर पळवा, पण आधी एकदा विचारा, घाई खरंच कुणाला आहे? त्या थांबलेल्या चित्रासाठी मला काहीच करावं लागत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी थंड होतो.