कॉलर गेली, बाह्या राहिल्या

हसू नका मित्रांनो, मी एक जुना सदरा हाय. शिवलं मला गहिनीनाथच्या मापानं, आन् सहा उन्हाळे झाले, हिंडतोय त्याच्या बायकोच्या अंगावर.

माझा जन्म अंबाजोगाईच्या एका टेलरकडं झाला. रंग आकाशी, बाह्या फुल, कॉलर अशी कडक की मान वळवायची चोरी. गहिनीनाथ मला फक्त लग्नात न् सभेत घालायचा. आमच्या तलवाड्यात लोक म्हणायचे, पुढारी आले. मला वाटायचं, मलाच म्हणतेत. मग कॉलर झिजली, खिशात पेन गळला, आन् मी गाठोड्यात जाऊन पडलो. तिथली एक जुनी चादर म्हणाली, आता आपलं पोतेरं होणार. मी म्हणलं, तुझं होईल.

तिथून मला त्याच्या बायकोनं, सत्यभामानं काढलं. कांदा काढायला निघाली व्हती. आमच्याकडं उन्हाळ्यात रानात जाणारी बाई साडीवरून घरातला जुना सदरा चढवती, डोक्यातोंडाला फडकं गुंडाळती, मगच उन्हात पाय टाकती. मे महिन्यात दहा वाजल्यापासूनच ऊन चावतं. माझ्या बाह्या तिच्या बोटांपर्यंत यायच्या. घामानं मी भिजायचो, झुळूक आली की गार व्हायचो, आन् आत तिचे हात सावलीत. सभेत मी एवढा कामाला कधीच आलो न्हवतो.

गहिनीनाथला मात्र गंमत. रोज बांधावरून ओरडायचा, "सायेब, सलाम!" बाया हसायच्या, सत्यभामाबी हसायची. पण एक कुसळ तिच्या मनात रुतून बसलं. मी छातीपाशीच असतो, मला कळायचं. पुढचा घोळ त्या कुसळानंच केला.

औंदा तिच्या भावाच्या, हरिबाच्या पोरीचं लग्न निघालं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आत्यानं आपल्या हातांत माहेरच्या हिरव्या बांगड्या भरून घ्यायच्या, हा सत्यभामाचा मान. महिनाभर तिचं तेच चाललं व्हतं. बांगड्यांच्या आदल्या दिवशी हरिबा चकलांब्याहून तिला न्यायला यायचा व्हता, आन् कांद्याचे दोन वाफे राहिलते म्हणून थेट रानात यायचा व्हता.

त्या दिवशी सकाळी दहाला त्याचा फोन आला, निघालो म्हणून. सत्यभामानं मला घाईघाईनं उतरवलं न् लिंबाच्या फांदीला टांगलं.

शेजारच्या वाफ्यातली छबुबाई म्हणाली, "काढू नको गं, भाजशील."

"भावानं बघितलं तर म्हणंल, दाजीच्या फाटक्यात दिवस काढती."

हरिबा वाटंत पत्रिका वाटत बसला, आला तीन वाजता. तवर मी सावलीत लोंबकळत, आन् ती उघड्या हातांनी उन्हात. मी बाह्या हलवून हलवून बोलावलं. लोकांला वाटलं, वारा सुटला.

रात्रीतून हात लालबुंद झाले, सकाळी मनगटापासून कोपरापर्यंत फोड. तिनं पदराखाली झाकून घेतले. हरिबाला द्यायच्या कांद्याच्या पिशवीवर मला झाकलं व्हतं, म्हणून मीबी मांडवात पोचलो.

कासारीण वत्सलाबाईनं पहिली बांगडी चढवली. ती मनगटाला टेकली न् सत्यभामानं ओठ चावला. वत्सलाबाईनं पदर सारून बघितलं आन् बांगडी हळूच उतरवली. म्हणाली, एवढ्यात भरता यायचं न्हाई, कातडं निघंल. मांडवात सगळ्या बायांचे हात वाजत व्हते, आत्याचे तेवढे मोकळे.

हरिबा विचारू लागला, आक्का, हे कशानं झालं? ती पदर हातांवर ओढत राहिली. छबुबाईनं गहिनीनाथला सगळं सांगितलतं. तोच खाली बघत बोलला, "तू येणार म्हणून सदरा काढून ठेवला तिनं. मी रोज हसायचो. तिला वाटलं, तूबी हसशील."

हरिबा म्हणाला, "आक्का, मी तुला बघायला आलतो. सदरा बघायला न्हाई."

बांगड्या दोऱ्यात ओवून त्यानं तिच्या ओटीत ठेवल्या. लग्न झालं. आत्या सगळ्यात मिरवली, पण पदरात हात लपवून. मला पिशवीवर पडून ते बघवलं न्हाई.

तीन आठवड्यांनी हात बरे झाले. आता सत्यभामा पहाटंच रानात जाती, दहा-साडेदहाला लिंबाखाली बसती, ऊन उतरल्यावर परत वाफ्यात. गहिनीनाथचे खांदे बंडीतून भाजायचे. आता त्यानंबी एक जुना सदरा हुडकून काढलाय. त्याला अजून कॉलर हाय, म्हणून लई ताठ्यात असतो. शिकंल हळूहळू.

मित्रांनो, ऊन कुणाची इज्जत बघत न्हाई, उघडं कातडं बघतं. म्हणून जुना सदरा फेकायच्या आधी त्याची कॉलर बघू नका, बाह्या बघा. आन् तो घालून तुमची आई, मावशी रानात निघाली, तर सलाम जरूर ठोका, फक्त हसू नका.

सत्यभामा माझ्या बाह्यांची बटणं लावती तवा आत हिरव्या बांगड्या वाजतेत. बाहेर कुणाला दिसत न्हाईत. मला तेवढ्या ऐकू येतेत.