जाल झोरच्या घळीतलं पाणी

मजीद मुकादमला कुवेतला येऊन सव्वीस वर्षं झाली होती. महबूल्यातल्या घरून कंपनीच्या बसनं शुऐब्याच्या गोदामात जायचं, त्याच बसनं परत यायचं, आणि शुक्रवारी नमाज झाली की मासळीबाजार. एवढाच त्याचा कुवेत. त्यामुळे जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी भाड्याच्या उंच जीपमध्ये बायकोच्या शेजारी पट्टा आवळून बसायची पाळी आली, तेव्हा त्यानं दाराची मूठ घट्ट धरून ठेवली.

गाडी बिल्कीस चालवत होती. परदेशी माणसाला तिथं ठरावीक नोकऱ्यांवरच लायसन मिळतं; ती दवाखान्यात नर्स होती, म्हणून अर्ज तिलाच करता आला, आणि चौथ्या परीक्षेत ती पासही झाली. तिच्याकडे ड्रेसिंगला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बदूनं, वाळवंटात उंट राखलेल्या अरबानं, तिला सांगितलं होतं, की चार दिवसांपूर्वी पडलेल्या पावसाचं पाणी खाडीपलीकडच्या जाल झोरच्या कड्यातल्या एका घळीत साठलेलं असणार. तेवढ्या बोलण्यावर बाईनं गाडी ठरवली.

"अगो, कुवेतात कसली घळ नि कसलं पाणी?" मजीद म्हणाला. "सव्वीस वर्षांत मला तरी दिसलं नाय."

"बसच्या खिडकीतून कसं दिसंल?"

मागच्या सीटवर पंधरा वर्षांची इक्रा खिदळली. "गुड वन, अम्मी!"

समुद्रावरचा लांबलचक पूल येईपर्यंत मजीदनं तीनदा आरसा बघायला सांगितलं आणि दोनदा दुवा म्हटली. पुलावर निळंशार पाणी दोन्ही बाजूंना पसरलं होतं, पण त्याचं लक्ष वेगाच्या काट्यावर. बिल्कीस मात्र मजेत होती. तिनं थर्मासमधला चहा इक्राला ओतायला लावला आणि एका हातानं पेला धरला. मजीदनं डोळे मिटले.

पूल संपला, पुढं डांबरी रस्ताही संपला. आता नुसत्या चाकांच्या चाकोऱ्या. बदूनं बजावलं होतं, की चाकोरी सोडायची नाही आणि वाळूत लोखंडाचा तुकडा दिसला तर हात लावायचा नाही, जुन्या लढाईतलं काय पुरलेलं असेल सांगता येत नाही. पाऊस पिऊन वाळवंटाला हिरवी लव फुटली होती. बिल्कीस गाडी एका लयीत पुढं नेत होती, तेवढ्यात समोर उंटीण आली.

"ब्रेक!" मजीद ओरडला.

उंटीण अजून शंभर हात लांब होती. पण नवऱ्याच्या ओरडण्यानं दचकून बिल्कीसनं ब्रेक दाबला, आणि गाडी भुसभुशीत वाळूत जागच्या जागी रुतली. पुन्हा रेस दिली तर चाकं आणखी खाली.

"आता?" बिल्कीस शांतपणे म्हणाली.

चूक कुणाची हे तिघांनाही ठाऊक होतं. मजीद खाली उतरला, बिर्याणीच्या डब्याचं झाकण घेतलं आणि गुडघ्यांवर बसून चाकाभोवतीची वाळू उपसू लागला. दोन झाकणं काढली की तीन आत घसरत होती.

उंटिणीच्या मागून तिचा राखणदार आला. काळा, शिडशिडीत, डोक्याला पांढरं फडकं. त्यानं झाकणाकडे पाहिलं आणि पोट धरून हसला. मजीद गोदामात मोडकंतोडकं अरबी बोलायचा, ते इथं कामाला आलं. माणूस सुदानचा होता, नाव इद्रीस. "सदीक, दोस्ता, आधी हवा काढ," तो म्हणाला. त्यानं काडीनं चारी चाकांतली निम्मी हवा सोडली. मग तो आणि मजीद मागून रेटायला लागले. बिल्कीसनं हलकेच रेस दिली. गाडी उसळली, आणि दोघंही तोंडावर पडले. इक्रानं त्याचा फोटो काढला.

"मोया?" मजीदनं दाढीतली वाळू झटकत विचारलं. पाणी आहे का?

"आज पहाटेच माझे उंट प्यायले," इद्रीस म्हणाला आणि कड्याकडं चालू लागला. तिघं गाडीनं त्याच्या मागोमाग गेली आणि पायथ्याशी उतरली.

कड्याच्या पोटात घळ शिरली होती. दोन्ही बाजूंना पिवळट दगडाच्या भिंती, वर आभाळाची चिंधी. एक वळण, दुसरं, आणि तिसऱ्या वळणाआड पाणी. केवढं? खळ्याएवढं. रंग दुधाच्या चहासारखा. काठावर एक परीट पक्षी शेपटी नाचवत तुरुतुरु धावत होता.

मजीद थबकला. त्याच्या गावी, हर्णैला, थंडीत खाडीच्या चिखलात हेच पाखरू असायचं. त्यानं बूट काढले, पँट वर दुमडली आणि सरळ पाण्यात उतरला. थंडीनं अंगावर काटा आला.

"अब्बा, इट्स डर्टी!" इक्रा ओरडली.

"असू दे गो," तो म्हणाला. वाकून त्यानं एक चपटा दगड उचलला आणि पाण्यावरून तिरका फेकला. दगड चार टप्पे घेऊन पलीकडे गेला. बापाला हे येतं, हे पोरीला ठाऊकच नव्हतं. ती बूट हातात घेऊन आली. "हाऊ डिड यू डू दॅट?" मग त्यानं तिला मनगट कसं वळवायचं ते शिकवलं. बिल्कीस आणि इद्रीस एका दगडावर बसून बिर्याणी खात राहिले.

परतताना हवा भरायला गाडी पेट्रोलपंपावर थांबली. मजीद आपणहून उतरला आणि नळी घेऊन एकेका चाकापाशी बसला. चौथं चाक भरून झाल्यावर तो बिल्कीसच्या खिडकीशी आला.

"इद्रीस म्हणत होता, पूर्वेला आणखी एक घळ हाय. ह्याच्याहून खोल."

"मग?"

"मग काय? पुढच्या शनिवारी तुझी ड्युटी नाय ना?"