दुकानातली एकुलती एक वस्तू

मित्रांनो, मी एक जुनी बेल आहे. दारावरची, बिनतारी, सेलवर चालणारी. 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. दारावरच्या बेलला मित्र नसतात. लोक तिला दाबतात आणि तोंड फिरवून उभे राहतात.

माझी दोन अंगं आहेत. एक बटण, ते दाराबाहेर. एक पेटी, ती घरात. बटण दाबलं की पेटी वाजते आणि तिच्यावरचा दिवा लखलखतो, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यालाही कळावं. त्यामुळे बाहेरचा माणूस काय म्हणतो ते मला ठाऊक असतं आणि आतला काय म्हणतो तेही. दोन्ही बाजू ऐकणाऱ्याचं माणसांबद्दल चांगलं मत राहत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. शेवटच्या खुर्चीवरच्या बाईनं मला एकदा दाबलं. मी वाजले. मान वर न करता तिनं मला खोक्यात टाकलं. झालं बालपण.

मग मी एका घरी आले. त्या घरात दुकान होतं, असं म्हणत. मला तिथे फळी दिसली नाही, काउंटर दिसला नाही, माल तर नावालाही नाही. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा आणि पाण्याच्या तांब्याला टेकवलेला मोबाइल, एवढंच दुकान. मालकाला त्याची बायको 'शेठ' म्हणायची, आणि ते कौतुकानं नव्हे. ती औषधाच्या दुकानात कामाला होती. खरं दुकान कसं असतं ते तिला माहीत होतं.

शेठनं 'माल न ठेवता मालक व्हा' असं शिकवणारे व्हिडिओ पाहून नोकरी सोडली होती. धंदा असा: गिऱ्हाईक शेठकडे वस्तू मागणार. शेठ तीच वस्तू दूरच्या घाऊकवाल्याकडे कमी भावात मागणार. घाऊकवाला ती परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी धाडणार. मधला फरक शेठचा. वस्तू शेठच्या नजरेसही पडणार नाही. याला ड्रॉपशिपिंग म्हणतात. मी याला टेबलाशी बसून हवा विकणं म्हणते.

दुकानाचं नाव 'आधार'. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तू. नावाखाली लिहिलं होतं, 'प्रत्येक वस्तू आम्ही स्वतः तपासतो आणि मायेनं बांधतो.' त्या घरात साधी चिकटपट्टी सापडत नव्हती.

मी त्या दुकानातली एकुलती एक वस्तू. नमुना म्हणून मागवलेली. शेठनं माझे खिडकीत फोटो काढले, उशीवर काढले, मग सासूबाईंना शाल पांघरून त्यांच्या हातात मला दिलं.

"जावईबापू, मला झालंय काय?"

"काही नाही हो. जरा खोकल्यासारखं करा."

"फोटोत खोकला कसा दिसणार?"

तरी त्या खोकल्या. मग माझं कौतुक सुरू झालं. 'वडिलांना फार उपयोग झाला', 'आवाज एकदम खणखणीत'. ते कौतुक दुसऱ्याच कुठल्या बेलचं होतं. शेठनं उचलून माझ्या फोटोखाली चिकटवलं. काम झाल्यावर त्यानं मला स्वतःच्या दाराला लावलं आणि विसरला. त्यानंतर फडकंसुद्धा फिरलं नाही माझ्यावरून.

बाहेर.

एक आजी आल्या. पलीकडच्या गल्लीतल्या, पूर्वी वाचनालयात नोकरीला होत्या. 'आधार'च्या पानावर अगदी तळाला बारीक अक्षरात शेठचा पत्ता होता, तो त्यांनी वाचला होता. तो वाचणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून वाजतंय की नाही हे न कळून त्या बटण दाबतच राहिल्या.

आत.

"ती बेलवाली आजीच असणार, रोज मेसेज पाठवणारी! मी घरी नाही म्हणून सांग."

"कुठे गेलाय म्हणू? गोडाऊनला?" असं म्हणून बायकोनं दार सताड उघडलं.

बाहेर आणि आत, दोन्ही.

"माझ्या ह्यांचं घशाचं ऑपरेशन झालं," आजी म्हणाल्या. "आवाज गेला. उद्या घरी आणतेय. मला ऐकू येत नाही, त्यांना बोलता येत नाही. मी स्वयंपाकघरात असताना काही झालं तर मला कळणार कसं? सगळी दुकानं पालथी घातली. वाजणाऱ्या बेला आहेत, दिव्याची नाही. तुमच्याकडे केव्हाची मागवलीय."

"मावशी, वाटेतच आहे. उद्या नक्की."

मित्रांनो, वाटेत काही नव्हतं. माल संपल्याचा घाऊकवाल्याचा निरोप शेठनं त्याच सकाळी बायकोला वाचून दाखवला होता. ती काही बोलणार, तेवढ्यात आजींचं लक्ष दाराच्या चौकटीकडे गेलं.

"अहो, हीच की ती!"

"ती सॅम्पल आहे, मावशी."

"काय?"

"सॅम्पल! वापरलेली वस्तू आम्ही गिऱ्हाइकाला देत नाही! दुकानाचं धोरण आहे!"

"कुठल्या दुकानाचं रे?" बायको म्हणाली. "आमच्याकडे औषध नसलं तर आम्ही नाही म्हणतो. माणूस दुसरीकडे जातो आणि वाचतो." तिनं भाजीची सुरी आणून मला चौकटीवरून उचकटलं, आतली पेटीही काढली आणि दोन्ही आजींच्या हातात ठेवली.

"अगं, मग मी फोटो कशाचे काढू?"

"माझ्या आईचे काढ. खोकायला शिकलीय ती."

अशी मी विकली गेले. 'आधार'नं हातानं दिलेली मी पहिली वस्तू, आणि बहुधा शेवटची.

नव्या घरी माझं बटण आजोबांच्या पलंगावर, पेटी स्वयंपाकघरात ओट्यासमोर. आजोबा जन्मभर लिलावात बोली पुकारत आलेले. बाजारात तोंडाळ, घरात मुके. आता उलटं झालं. उशी सरकली, वाजव. पंखा वाढव, वाजव. पंखा कमी कर, वाजव.

"बोलता येत होतं तेव्हा इतकं बोलला नाहीत कधी!" आजी ओरडायच्या.

या घरी तरी काही थोर पाहायला मिळेल असं मला वाटलं होतं. उशी सरकण्यात थोर काय?

मग एकदा आजोबांच्या घशात घास अडकला. त्यांनी मला दाबलं ते सोडलंच नाही. आजी साबणाचे हात घेऊन धावल्या, पाठीत थापट्या मारल्या, घास बाहेर पडला. त्या दिवशी माझं मत बदललं असं तुम्हाला वाटेल. नाही बदललं. जरा मोठ्यानं वाजले असेन, एवढंच.

पुढे, सगळे विसरल्यावर, आजींनी मागवलेली बेल आली. खोक्यात बटण होतं, पेटी नव्हती. शेठच्या मोबाइलवर मात्र 'पोचलं' असं उमटलं असणार, कारण तो लगेच दारात हजर.

"मावशी! नवी मिळाली ना? मग जुनी द्या परत! व्हिडिओ करायचाय!"

दारावर थाप, पुन्हा थाप. आजी स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून भांडी घासत होत्या. आजोबांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मी त्यांच्या मुठीत होते.

शेठ खिडकीशी आला. "आजोबा, मावशींना बोलवा ना जरा. ते दाबा." कसं दाबायचं तेही त्यानं हवेत अंगठा हलवून दाखवलं.

फारच पडत्या भावाची बोली लावणाऱ्याकडे बघावं तसं आजोबांनी त्याच्याकडे बघितलं. मग मला छातीवर ठेवलं आणि हातांची घडी घातली. शेठ बराच वेळ अंगठा हलवत होता. शेवटी गेला.

तो गेल्यावर आजोबांनी मला दाबलं. आजी हात पुसत आल्या.

"काय हो? कुणी आलं होतं का?"

आजोबांनी मान हलवली. कुणी नाही.

मित्रांनो, शेवटी विनंती करायची असते, ती करते. माझे सेल संपत आलेत. आजोबा ते सांगू शकणार नाहीत. माझा आवाज बसला तरी आजींना कळणार नाही. दिवा मिणमिणायला लागेल तेव्हा नेमकी त्यांची पेटीकडे पाठ असेल. कुणीतरी वेळेवर सेल बदला. तुम्ही बदलाल असं मला मुळीच वाटत नाही. पण सांगून ठेवलं.