मधली रांग

पहिल्या दिवशी माणसं लाजतात, दुसऱ्या दिवशी चिडतात आणि तिसऱ्या दिवशी हात जोडून आभार मानतात. एकोणीस वर्षं मी लोकांची घाण साफ करते आहे, हा क्रम काही बदलला नाही. रोजचा केर काढणाऱ्या बायका वेगळ्या. आम्हाला बोलावतात ते पाणी डोक्यावरून गेल्यावर, म्हणजे शेजाऱ्यांनी तक्रार केल्यावर, जिन्यात उंदीर दिसायला लागल्यावर, नाहीतर आतलं माणूस गेल्यावर.

आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ. चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी सगळे तिला धाकटीच म्हणतात. तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी गाडीत बसल्यापासून सुरू होतो. मी बोलत नाही. मला वासही येत नाही आता. आधी नाकाखाली बाम लावायचे, मग एक दिवस बाम घरी राहिला आणि काही बिघडलं नाही. आई गेली तेव्हा तिची खोली मी दीड तासात रिकामी केली. रडायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. नवरा विचारतो, "तू कामावरून येतेस की नुसती गाडीच येते?"

कामाची आमची एक पद्धत आहे. दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात सुरुवात करायची आणि दाराकडे सरकत यायचं. वस्तूंचे तीन भाग करायचे: ठेवायचं, टाकायचं, विचारायचं. खरं सांगायचं तर तिसरा भाग घरवाल्यांच्या समाधानासाठी असतो. पहिला तासभर आपण विचारतो आणि ते प्रत्येक गोष्टीला म्हणतात, "ते राहू द्या." एक बाई दह्याच्या रिकाम्या डब्यांसाठी माझ्या गळ्यात पडून रडल्या होत्या. चारशे डबे होते. त्यामुळे 'राहू द्या' हे शब्द आता आमच्या कानांवर पडतात, आत जात नाहीत. तोंडाने 'बरं, बघते' म्हणायचं आणि हाताने पोतं भरायचं. नव्या बायका शिकायला येतात त्यांनाही मी हेच सांगते, की वस्तूकडे बघा, माणसाकडे बघू नका. माणसाकडे बघितलं की काम संपत नाही.

त्या सोमवारी ज्यांच्याकडे गेलो ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं पत्रांची वर्गवारी केलेली, कुठलं पत्र कुठल्या खणात टाकायचं ते. वय अठ्ठ्याहत्तर. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. फोन त्यांच्या लेकीने केला होता. ती दुसऱ्या गावात राहते, महिन्यातून एकदा येते, आणि तेव्हाही बाबा तिला दाराशीच गाठून बाहेर जेवायला घेऊन जातात.

"गुरुवारी अकरा वाजता समाजकल्याण कार्यालयातल्या बाई घर बघायला येणार आहेत," ती म्हणाली. "शेजाऱ्यांनी तक्रार केलीय. घर राहण्यासारखं आहे आणि बाबा एकटे राहू शकतात असं त्यांनी लिहिलं तरच ते इथे राहतील. नाहीतर वृद्धाश्रम. आणि बाबांना तिथे नेलं तर ते महिना काढायचे नाहीत हो. काही ठेवू नका तुम्ही. सगळं लख्ख करा."

"होऊन जाईल," मी म्हणाले. मी नेहमी तेच म्हणते.

दार त्यांनीच उघडलं. उंच, वाळलेले, अंगात स्वच्छ पण उलटा घातलेला सदरा. आत अंधार होता. मी बटण दाबलं, दिवा लागला नाही. दुसरं दाबलं, तोही नाही. सातही दिवे उडालेले. चिक्कू दिसतोय म्हातारा, असं मनात म्हणून मी विजेरी काढली.

खोलीत छातीएवढे उंच वर्तमानपत्रांचे ढीग होते. पण ढिगांतून चालायला गल्ल्या सोडलेल्या. ढिगांची एक रांग दारापासून भिंतीकडेने कॉटपर्यंत, एक खिडकीकडे, आणि एक बरोबर मधून स्वयंपाकघरापर्यंत गेलेली. ढिगांच्या पायाशी उंदरांच्या लेंड्या, कोपऱ्यात बुरशी चढलेल्या पुड्या, मोरीच्या तळाला बोटभर काळा थर. भांडी धुतलेली होती, पण बुडाला करपलेलं तसंच. यापेक्षा वाईट घरं मी पाहिली आहेत.

"चहा घ्याल ना?" त्यांनी विचारलं आणि आमच्या उत्तराची वाट न बघता मधल्या गल्लीतून आत गेले. त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात त्यांनी गॅस पेटवला, कप मोजून खाली घेतले, चहा गाळला. थेंब सांडला नाही. कपाच्या कडेला जुना डाग होता, म्हणून मी चहा मोरीत ओतला. धाकटीने प्यायला.

"चांगला झालाय हो काका," ती म्हणाली.

"पस्तीस वर्षांची सवय. प्रत्येक गोष्ट आपल्या खणात असली की झालं."

सोमवारी आम्ही मोरी, संडास आणि स्वयंपाकघर काढलं. दुपारी खाता खाता धाकटी म्हणाली, "जाऊबाई, एक बघितलंत? म्हातारबुवा चालताना त्या ढिगांवरून हात फिरवत चालतात. कुरवाळत असल्यासारखे."

"जीव जडतो लोकांचा," मी म्हणाले. "दह्याचे डबे आठव."

"पण ते पेपर वाचतात कधी? वरच्यांच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत."

"तू आधी घास संपव."

घड्या मीही पाहिल्या होत्या. वरचे पाच-सहा वर्षांचे पेपर जसे दारात पडले तसेच रचलेले. उडालेले दिवे, उलटा सदरा, करपलेली भांडी, सगळं मी पाहिलं होतं. उजळणी करायला सांगितली असती तर घडाघडा म्हणून दाखवलं असतं. ते सगळं एकाच माणसाचं आहे, एवढंच काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी सकाळी लेक त्यांना दोन दिवसांसाठी आपल्या घरी न्यायला आली. घरवाल्यांना घरातून काढणं हाही आमच्या पद्धतीचाच भाग. माणूस समोर असलं की पोतं भरत नाही. निघताना ते दारात थबकले. मी जवळच उभी होते. त्यांनी माझ्या पोत्याच्या आवाजाच्या रोखाने मान वळवली आणि हळूच, लेकीला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "बाई, बाकी काय न्यायचं ते न्या. ती मधली रांग तेवढी राहू द्या."

"बरं काका, बघते."

"बघू नका. राहू द्या."

"हो हो."

ते गेले, आणि दुपारी तीनपर्यंत मधली रांग पोत्यांत होती.

बुधवारी कचऱ्याची मोठी गाडी आली आणि एकशे ऐंशी पोती घेऊन गेली. आम्ही भिंती पुसल्या, फरशी तीनदा घासली, सातही दिवे बदलले. फर्निचर भिंतींना लावलं, कारण तपासणीला येणाऱ्यांना मधे मोकळी जागा दिसली की बरं वाटतं, हा माझा अनुभव. कॉट दाराजवळच्या भिंतीपासून काढून खिडकीखाली सरकवली, उजेड येईल म्हणून. चहा-साखरेचे डबे घासून एका ओळीत फळीवर मांडले. धाकटी दारात उभी राहून म्हणाली, "जाऊबाई, नाचावंसं वाटतंय हो इथे." मलाही जरा बरं वाटलं, आणि असं मला फारसं वाटत नाही.

गुरुवारी कार्यालयातल्या बाई अकराला दहा कमी असतानाच आल्या. मध्यमवयीन, बोलायला मऊ, काखेत फाईल. खोली बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. "आमच्याकडे फोटो आलेत ते याच घराचे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी फाईलमध्ये दोन-तीन ठिकाणी बरोबरच्या खुणा केल्या, आणि म्हातारा राहिला बाबा घरात, असं मी मनात म्हटलं.

मग बाप-लेक आले. जिन्यावरून लेकीने त्यांचा दंड धरला होता. "आमच्याकडे दोन दिवस नुसते एका खुर्चीत बसून होते," ती कुजबुजली, "रुसलेत." उंबऱ्याशी येताच त्यांनी दंड सोडवून घेतला.

"आता सोड. आता माझं घर आहे."

"काका, नमस्कार," कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. "घर छान आहे. एकटे राहता, मग खाण्यापिण्याचं कसं करता ते जरा दाखवा मला. गॅस पेटवता येतो ना नीट?"

"पेटवता येतो म्हणजे? चहाच घेऊन जा," ते म्हणाले. आवाजात चांगलाच रुबाब होता. छाती काढून ते आत आले आणि त्यांनी डावा हात बाजूला टेकवला.

हात खाली गेला. तिथे काही नव्हतं.

त्यांनी हात थोडा पुढे नेला, मग मागे. एक पाऊल टाकलं, परत हात फिरवला. मग उजवा हात. सोमवारपासून पाहिलेलं सगळं एका झटक्यात एकत्र झालं. मी ओरडायला हवं होतं, काका, सरळ या, पाच पावलं. पण ओरडले असते तर त्या बाईंना कळलं असतं, आणि गप्प बसले तर तो माणूस तसाच चाचपडत राहणार होता. मी गप्प बसले. एकोणीस वर्षांत मला तेवढंच जमलेलं.

ते खोलीच्या मधोमध उभे राहिले. नव्या दिव्यांच्या उजेडात, दोन्ही हात पसरून. मग हळूच म्हणाले, "कुठे आणलंस गं मला?"

"बाबा, आपलं घर आहे हे," लेक म्हणाली.

कार्यालयातल्या बाई पुढे झाल्या. "काका, तुम्हाला दिसत नाही का?"

"परवापर्यंत सगळं दिसत होतं, बाई," ते म्हणाले.

लेक भिंतीला टेकली. "रोजचा पेपर वाचता म्हणायचात. फोनवर बातम्या सांगायचात मला."

"रेडिओ आहे ना. पेपर लागायचे ते भिंती करायला. सहा वर्षं झाली. तुला सांगितलं असतं तर घर राहिलं असतं का?"

मग मीच बोललेलं मला ऐकू आलं. "बाई, चूक माझी आहे. त्यांनी मला सांगितलं होतं ती रांग राहू द्या म्हणून. ते नीट राहत होते. चहा केला त्यांनी आम्हाला, अंधारात. ही प्यायली."

"प्यायले मी," धाकटी म्हणाली. ती रडत होती.

"मी समजू शकते," कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. "पण कागदांचे ढीग धरून चालायचं आणि शेजारी गॅस पेटवायचा? उद्या आग लागली तर मी काय उत्तर देऊ? एकटे राहू शकतात असं मला लिहिता येणार नाही हो." त्यांनी फाईलमध्ये लिहिलं आणि लेकीची सही घेतली. जाता जाता त्या माझ्याजवळ थांबल्या. "काम मात्र चोख केलंत हं." त्या मनापासून म्हणाल्या होत्या. त्यापेक्षा त्यांनी माझ्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

लेक त्या बाईंना सोडायला खाली गेली, काही विनवण्या करायच्या असतील. धाकटी मोरीत तोंड धूत होती. काका अजून तिथेच, मधोमध. हात मात्र खाली घेतले होते.

"बाई, आहात का?"

"आहे काका."

"ती रांग परत लावता येईल?"

"गाडी गेली काका. काल सकाळीच."

"हो, बुधवारची गाडी," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं, रागावलेल्या माणसांशी कसं बोलायचं ते मला येतं. त्यांनी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवली. कुठल्या बाजूला काय असेल याचा अंदाज घेत होते की काय, कोण जाणे. मग त्यांनी हात पुढे केला, नक्की माझ्याकडे नाही, जरा बाजूला.

"मला कॉटवर तेवढं नेऊन बसवा."

मी त्यांचा हात धरला. कामावर मी कधी कुणाचा हात धरलेला नाही, हातमोजे असतात. तो दिवस तपासणीचा म्हणून नव्हते. हात कोरडा होता. आम्ही निघालो. मी घासून काढलेल्या फरशीवर ते पाऊल उचलून टाकत नव्हते, सरकवत होते.

"इकडे कुठे? कॉट तर दाराशी आहे," ते म्हणाले.

"खिडकीखाली ठेवलीय मी. उजेड येतो म्हणून."

"बरं," ते म्हणाले. "आली की सांगा."

सहाच पावलं होती. कॉट आली. तिची कड माझ्या गुडघ्याला लागली, पण सांगायला माझ्या तोंडातून आवाज फुटेना, आणि मी सांगेपर्यंत बसायचं नाही म्हणून ते तसेच थांबले, माझा हात घट्ट धरून.